भरलेलं गलबत

बांगडा शिजवायच्या आधी त्याला तासभर बसवून ठेवणारं घर सगळ्या देवबागात आमचं एकच. मी मासे साफ करायला बसले की माझे दीर, गुरुदास भावजी, धावत यायचे. "वयनी, जरा थांब. पाठीवरची निळाय अजून गेली नाय." मग तो बांगडा केळीच्या पानावर निजायचा, भावजी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, आणि मी नि मांजर दोघी वाट बघत राहायचो. चित्र पुरं होईपर्यंत चूल विझलेली असायची.

भावजींना यांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, मुंबईला चित्रं शिकायला पाठवलं होतं. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत लोक यांना लवू तांडेल म्हणत. मी 'हे' म्हणते. चार वर्षांनी भावजी परत आले ते तेलरंगांची पेटी आणि एक वाईट खोड घेऊन. जे नाही ते त्यांना काढताच येत नसे. लोक मेलेल्या बापाचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, जरा गोरा करा, जरा नाक सरळ करा. भावजी म्हणायचे, "नाक होता तसाच येतला." एका खोताने आईचं चित्र काढून घेतलं आणि हनुवटीवरची चामखीळ काढून टाका म्हणाला. भावजींनी काढली नाही. खोत तणतणत गेला. पण त्या म्हातारीची लेक माहेरी आली ती त्या चामखिळीवर बोट ठेवून रडली, असं मागाहून कळलं. तरी गिऱ्हाईक तुटायचं ते तुटलंच. भावजी मालवणच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेला वेळ बांगडे, होड्या नि माडांच्या सावल्या रंगवायचे.

छप्पन सालच्या मे महिन्यात आमचं घर बुडालं.

हे गंगारामशेटच्या 'जानकीप्रसाद' गलबतावर तांडेल होते, सुकाणू यांच्या हाती. शेटकडे तीन गलबतं, तिन्ही सासऱ्याकडून आलेली. शेट स्वतः दुकानात वाढलेला. होडीत पाय ठेवला की ओकायचा, म्हणून मुंबईला जायचा तो मोटारीने. पावसाआधीची ती शेवटची खेप होती. देवबागच्या खाडीत शेटच्या वखारीसमोर गलबत उभं होतं. पोटात मंगळुरी कौलं ठासून भरलेली होती, आणि शेटने वर शिरोड्याच्या मिठाची पोती चढवायला लावली.

गलबताच्या कुशीवर एक पांढरा पट्टा असतो. बंदरखातं तो आखून देतं. माल कितीही भरा, तो पट्टा पाण्याच्या वर दिसला पाहिजे. पट्टा बुडाला की गलबत लाटेवर चढत नाही, लाट गलबतावर चढते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या सकाळी हे घरी आले, उभ्याउभ्या पेज प्यायले आणि म्हणाले, "पट्टो एक हात पाण्याखाली गेलो. शेटीक सांगलंय मीठ उतरय. तर म्हणता, तुका भय वाटता तर घराक जा, महादू घेऊन जायत." महादू हा शेटच्या दुसऱ्या गलबतावरचा तांडेल. मी म्हटलं, मग ऱ्हवा घरात. हे म्हणाले, "महादूक ह्या गलबताची खोड म्हायत नाय. माझ्या हातात निदान वाचात तरी." आणि गेले. सोबत पाच खलाशी होते. त्यातला एक आमच्या शेजारचा सांतान.

सांजेला देवगडच्या पुढे वारा सुटला. चौथ्या दिवशी किनाऱ्याला फळ्या लागल्या. सहापैकी एकही माणूस परत आला नाही.

गंगारामशेटने बंदराच्या कचेरीत जबानी दिली की तांडेल दारू पिऊन होता. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या पाचही घरांच्या पायऱ्या चढून, डोळे पुशीत, त्याने हेच सांगितलं. हे शिमग्याला घ्यायचे, मी नाही म्हणणार नाही. पण सुकाणूला हात लावताना कधी थेंब नाही. शिमग्याचं पिणं सगळ्या गावाने बघितलेलं, म्हणून शेटचं खोटं चटकन चिकटलं. पोती चढवणारे हमाल शेटचे. महादू शेटचा. सगळे मूग गिळून बसले.

सांतानची बायको इनासिया माझी जिवाची मैत्रीण. आमच्या दोघींच्या परसात मिळून एक विहीर. नाताळात तिच्या नेवऱ्या माझ्याकडे यायच्या, चवथीला माझे मोदक तिच्याकडे. शेट तिच्या घरी येऊन गेला त्या दिवशी ती दोन परसांमधल्या दगडी गडग्यापाशी आली आणि म्हणाली, "तुझ्या घोवान माझ्या सांतानाक खाल्ल्यान." मग तिने गडग्यावर काटेरी फांद्या रचल्या आणि विहिरीवर माझ्यानंतर आली तर कळशी दोनदा विसळू लागली. नवरा गेला त्याचं मी रडले. या कळशीचं मला रडूही येईना. अंगाची नुसती लाही व्हायची.

गलबत सुटलं त्या सकाळी खाडीच्या तोंडाशी वाळूत बसून एका माणसाने ते गलबत जाताना बघितलं होतं. बघून आपल्या वहीत उतरवलंही होतं. तो माणूस म्हणजे भावजी. भावजी ती वही घेऊन मालवणला बंदराच्या कचेरीत गेले. पाणी कुठवर, पोती किती, सगळं त्या पानावर होतं. तिथला कारकून वही उलटीसुलटी करून हसला. "अहो चित्रकार, उद्या तुम्ही गलबताला पंख काढाल. मग ते उडून गेलं असं लिहू का मी?" भावजी घरी आले ते तोंडात मारल्यासारखे. दोन दिवस जेवले नाहीत. भाऊ गेल्यापेक्षा त्यांना त्या पंखांचंच जास्त लागलंय असं मला वाटलं, आणि त्याचाही मला संताप आला.

दोन वर्षं गेली. शेटने नवी माडी बांधली. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात त्याने जहाजाचं मोठं चित्र बघितलं होतं, तसं त्याला हवं झालं. एक दिवस तो खुशाल आमच्या पडवीत येऊन बसला. मी आत तांदूळ निवडत होते.

"गुरुदास, झाला गेला ता समुद्राक मिळाला. माझ्या जानकीप्रसादचा एक चित्र काढ. भिंतभर."

भावजी कुंचला पुशीत राहिले.

"आणि आयक. रिकामी काढू नको हां, घरात अपशकुन तो. माझी बोट भरलेली दिसाक होई. लक्ष्मी कशी, भरलेली."

"भरलेली?" भावजींनी विचारलं. "मी बघलंय तशी?"

"तशीच. हुबेहूब."

"काढतंय," भावजी म्हणाले.

सूप माझ्या हातातून भिंतीवर गेलं. शेट पायरी उतरेपर्यंत मी थांबले, मग बाहेर आले. "भावजी, ज्यान भावाक बुडवल्यान त्येच्या भिंतीर चित्र काढतलात? हात झडणत नाय तुमचे?"

"वयनी, माका दिसला तसाच काढतलंय."

"आग लागो तुमच्या दिसण्याक!"

चार महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट आपटून पुढ्यात ठेवायची आणि पाठ करायची. ते शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत चित्र काढत होते, म्हणून माझ्या नजरेला ते पडलं नाही. घरी यायचे ते जवसाच्या तेलाचा वास घेऊन, आणि तो वास मला शेटच्या घरचा वाटायचा. विकला गेला हा माणूस, असं मी भिंतींना ऐकवायची. भावजी ऐकायचे आणि जेवायचे. एका शब्दाने त्यांनी मला सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून बोलते.

दिवाळी झाली आणि एक दिवस महादू आमच्या पायरीवर येऊन बसला. दोन वर्षांत तो या वाटेला फिरकला नव्हता. मी पाणीही दिलं नाही.

"वयनी, शेटीकडचा ता चित्र बघलंस तू?"

"माका बघूचा नाय."

"बघ. त्यात पट्टो खंय नाय गो. पाणी पट्ट्याच्या वर एक हात. वरची मिठाची पोती एकेक मोजून घे." त्याने दोन्ही हात पुढे धरले. "मी हात लावलंय त्या पोत्यांक. माका म्हायत हत ती किती होती. तुझ्या दिरान एक कमी काढूक नाय, एक जास्त काढूक नाय."

दिवाळीचा फराळ करायला शेटने त्याला माडीवर नेलं होतं. चित्र दाखवून छाती फुगवून विचारलं होतं, कशी आसा? "मी म्हटलंय, हुबेहूब आसा शेट. आणि खाली उतारलंय. आता त्येच्या गलबतार मी पाय ठेवचंय नाय."

महादू गेला. मी आत आले. त्या दिवशी टोपलीत दोन सरंगे होते, ताजे, चंदेरी. ते मी केळीच्या पानावर ठेवून भावजींच्या समोर नेले. "काढा," म्हटलं. "मी थांबतंय." भावजींनी मान वर केली. मग दोघेही रडलो, आणि मांजराने एक सरंगा पळवला.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की आधी त्याची लाज वाटली. मग लाजही वाटेनाशी झाली. शेटने तोंडाने मागून घेतलं होतं. भरलेली काढ, हुबेहूब काढ. समुद्राची ओळख असलेल्या कुणी हे मागितलं नसतं. दुकानदाराला भरलेलं गलबत म्हणजे भरलेलं दुकान.

मग एकेक तांडेल काहीतरी निमित्त काढून शेटच्या माडीवर जायला लागला. बघायचा, पोती मोजायचा आणि म्हणायचा, "हुबेहूब." शेट खूश. खाजं काय, चहा काय. पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन ये म्हणायचा. स्वतःच्या फाशीचा दोर तो गावाला कौतुकाने दाखवत होता, आणि मी घरात बसून कोण कोण बघून आलं ते बोटांवर मोजत होते.

एकोणसाठ साल उजाडलं. आमच्याकडे नारळी पुनवेला मालक आपला पहिला नारळ थोरल्या तांडेलाच्या हातात देतो. तो समुद्राला गेला की मगच गलबतं पाण्यात. त्या वर्षी शेटचा नारळ घ्यायला हातच मिळेना. माणसं शोधत तो देवगडला गेला, वेंगुर्ल्याला गेला. बातमी त्याच्या आधी पोचलेली. उरलेली दोन्ही गलबतं झापांखाली वाळूत तशीच. शेवटी कारवारहून त्याचा जावई आला. त्याच्या स्वतःच्या बोटी होत्या. चित्रासमोर उभा राहून त्याने सहज विचारलं, "मामा, ह्या बोटीचो पट्टो खंय गेलो?"

तेव्हा शेटच्या डोक्यात उजेड पडला.

चित्र जाळून टाकलं असतं तर का जाळलं ते सांगावं लागलं असतं. सगळ्या किनाऱ्याने ते बघून ठेवलं होतं. म्हणून शेटने ठरवलं की गुपचूप दुरुस्त करून घ्यायचं आणि मग पुन्हा सगळ्यांना फराळाला बोलवायचं.

पुनवेला दोन दिवस होते. भर दुपारी दोन हमालांच्या डोक्यावर चादरीत गुंडाळलेलं चित्र आणि मागून छत्री धरलेला शेट, अशी वरात मला माडांतून येताना दिसली. मी मागच्या दाराने धावले आणि काट्यांच्या फांद्यांवरूनच गडगा ओलांडला. पोटऱ्या रक्ताने भरल्या. इनासिया मासे कापत होती.

"इनास, एकदाच माझा आयक. मगे जन्मभर माझ्याशी बोला नको. काय बोला नको, नुसती येऊन दारामागे उभी ऱव."

माझे पाय बघून असेल, ती उठली. खवल्यांचे हात तसेच घेऊन आली.

आम्ही दोघी माजघराच्या दारामागे उभ्या राहिलो. हमालांनी चादर सोडली आणि मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं. खाडीचं तोंड, भरतीचं हिरवट पाणी, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेलं ते गलबत. सुकाणूवर हे. अंगठ्याएवढे, पण हेच. डोक्याला माझ्या निळ्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. पाठ थोडी वाकलेली, ओझं आपणच उचललंय तशी. मी दाराची कडी धरून ठेवली.

शिडाच्या दोराशी सांतान होता. सदऱ्याची एक बाही दुमडलेली, दुसरी मोकळी. तो कायम तसाच असायचा, इनासिया त्यावरून रोज ओरडायची. तिने तोंडावर हात दाबला. तिच्या गालांना खवले चिकटले.

शेटने हमालांना लांब पिटाळलं. "गुरुदास, चित्र झ्याक आसा. जरा एक सुधार. पट्टो दाखव."

"खंयचो पट्टो?"

"बोटीचो रे. पांढरो."

"तो पाण्याखाली हा."

"मगे वर काढ."

भावजींनी रंगांची पेटी उघडली. पांढरा रंग फळीवर काढला, कुंचला तेलात बुडवला, अगदी शांतपणे. "पट्टो वर येवचो तर गलबत हलक्या करूक होया, शेट. काय उतरवू? कौलां काय मीठ?"

"मीठ उतरय."

"किती पोती?"

"सगळी. वरची सगळी फुसून टाक."

"आणि मगे गलबत किती वर येतला? माका नीट सांगा. मी अंदाजान काढणंय नाय."

शेटने घाम पुसला. कुंचला त्या पांढऱ्या रंगावर थांबलेला. आता काम होणारच, या घाईत तो बोलून गेला. "एक हात. एक हात बुडालो होतो पट्टो. लवूच सांगी होतो माका त्या दिवशी, एक हात गेलो म्हणान. आता काढ बेगीन."

भावजींनी कुंचला खाली ठेवला.

इनासिया दारातून बाहेर गेली. तिला बघून शेट उभा राहिला, छत्री पडली. ती त्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या हातांच्या माशांच्या वासाने त्याने नाक मागे घेतलं.

"शेट, तू माझ्या पायरेर बसान रडलंस. तांडेल पिऊन होतो म्हणालंस. तीन वर्सां मी हिच्या कळशेक शिवाक नाय." तिचा आवाज चढला नाही. "लवू काय सांगी होतो तुका? परत बोल."

शेट छत्री उचलायला वाकला. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो बोलला, "एक हात." आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याला उठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बंदराच्या कचेरीत नेलं. कारकून तोच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फाइल बंद झालेली आहे. आता त्यात काही लिहिता येणार नाही." म्हणजे सरकारच्या कागदात हे अजून दारू पिऊनच आहेत.

गावातले तांडेल म्हणाले, ही सहा घरं सांगतील तसं झालं तरच शेटच्या गलबतावर चढू. शेट म्हणाला, काय होया ता मागा. बाकीच्या घरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चित्र होतं त्याच भिंतीवर परत लावा. दर नारळी पुनवेला आमच्या सहा घरांची माणसं तुमच्या माडीवर येतील. चित्रासमोर उभी राहतील. मी एक प्रश्न विचारीन, तुम्ही त्याचं उत्तर द्याल, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तो नारळ आमच्या हातून समुद्राला जाईल आणि तुमची गलबतं सुटतील.

तेव्हापासून तसंच चाललंय. मधे मुंबईचा एक चित्रांचा जाणकार आला. पाण्याचा असा रंग आपण बघितला नाही म्हणाला आणि चित्र मागू लागला. शेट फुकट द्यायला तयार होता. आम्ही नेऊ दिलं नाही. भावजींचं नाव मुंबईत झालं असतं, पण त्यांनीही हट्ट धरला नाही. ते अजून बांगडे काढतात.

एकदाच ते मला म्हणाले, "वयनी, आता पुरे नाय?"

"तुमी ती मिठाची पोती फुसलात?" मी विचारलं. "मगे मी कित्याक फुसू?"

यंदा अडुसष्ट साल. शेटच्या अंगावरून चैत्रात वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. पुनवेला आम्ही माडी चढलो तेव्हा त्याचा मुलगा दारात हात जोडून उभा राहिला. "काकी, यंदा तरी सोडा. तेका बोलाक येणा नाय." इनासिया माझ्याकडे बघत होती. महादू खाली बघत होता. मला दया आली का? थोडी आली. मग भिंतीवरच्या चित्रातलं ते निळं मुंडासं दिसलं.

"तेका बसय," मी म्हटलं.

मुलाने त्याला उशीला टेकवून बसवलं. मी दर वर्षी विचारते तसंच विचारलं, "शेट, पट्टो किती पाण्याखाली होतो?"

त्याने ओठ हलवले. लाळ आली, शब्द आला नाही. मी थांबले. बांगड्याच्या चित्रासाठी थांबायची सवय आहे मला. बऱ्याच वेळाने त्याने डावा हात चादरीतून बाहेर काढला, कोपर गादीवर टेकलं आणि बोटं ताठ करून तो हात सगळ्यांना दिसेल असा उभा धरला. कोपरापासून बोटांपर्यंत, एक हात. माप बरोबर होतं.

मी नारळ उचलला आणि आम्ही खाली उतरलो.